एलसीए म्हणजे काय आणि आमच्या गाळ्याला त्याचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसई, मरोळ, रबाळे, डोंबिवली, तळोजा, कुठेही कारखान्यात गेलो की आधी कटिंग येतो आणि मागोमाग तेच ते प्रश्न येतात, घरी पोचेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर अजून चार आलेले असतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू. प्रश्न तुमचेच आहेत, भाषा पण बरीचशी तुमचीच ठेवलीय. सोपे आधी घेतलेत, डोकं खाणारे नंतर.

१. एलसीए एलसीए म्हणतात ते नक्की काय असतं?

लाइफ सायकल असेसमेंट. एखादी वस्तू बनवायला जमिनीतून काय काढलं, किती वीज-पाणी-डिझेल गेलं, हवेत आणि नाल्यात काय सोडलं, वापरताना काय लागलं आणि शेवटी ती भंगारवाल्याकडे गेली की देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर, या सगळ्याचा एकत्र हिशोब. कल्पना नवीन नाहीये, १९६९ मध्ये कोका-कोलाने अमेरिकेत कुठली बाटली परवडते, पैशाने नाही तर माल-इंधन-कचरा या हिशोबाने, ते असंच मोजून घेतलं होतं. आता नियम आयएसओ १४०४० आणि १४०४४ मध्ये आहेत, दोन्ही २००६ चे. टप्पे चार: काय आणि कशासाठी मोजतोय ते ठरवा, आत-बाहेर जाणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी करा, त्या यादीचं परिणामांत रूपांतर करा, मग निकालाचा अर्थ लावा. प्रत्यक्षात या क्रमाने कोणीच एका दमात जात नाही, तिसऱ्यावर पोचलं की कळतं पहिलंच चुकलंय, मग परत मागे.

२. आमच्याकडे आयएसओ १४००१ आहे, म्हणजे एलसीए झालंच ना?

नाही. १४००१ म्हणजे तुमच्या कंपनीत पर्यावरणाचं काम बघायची एक पद्धत आहे, याचं सर्टिफिकेट. एलसीए वस्तूचा असतो, त्यात तुमच्या गेटबाहेरचं पण येतं. भिंतीवरच्या फ्रेममधून किलोमागे किती कार्बन ते निघत नाही.

३. मोजायला सुरुवात कुठून करायची आणि थांबायचं कुठे?

तीन नावं ऐकू येतील. गेट टू गेट म्हणजे फक्त तुमच्या गाळ्यातलं. क्रेडल टू गेट म्हणजे खाणीपासून किंवा तेलविहिरीपासून तुमचा माल टेम्पोत चढेपर्यंत. क्रेडल टू ग्रेव्ह म्हणजे पाळण्यापासून सरणापर्यंत, त्यात गिऱ्हाईकाचा वापर आणि शेवटची विल्हेवाट पण आली. तुम्ही पार्ट बनवून दुसऱ्या कंपनीला देत असाल तर बहुतेक वेळा क्रेडल टू गेट पुरतं, कारण पुढे तो पार्ट कशात बसणार ते तुम्हालाच माहीत नसतं.

वापराचा टप्पा घेतलाच तर तो इथला घ्या. परदेशी अभ्यासातून शर्टाचे आकडे उचलतात, त्यात गरम पाण्याचं वॉशिंग आणि ड्रायर धरलेला असतो, आणि आपल्याकडे शर्ट बाल्कनीतल्या दोरीवर वाळतो, मग इस्त्रीवाल्याकडे जातो. त्या आकड्याने मुंबईतला शर्ट मोजला तर सगळा दोष धुण्यावर जाईल आणि कापसाचं खत, डाइंगचं पाणी नामानिराळं सुटेल.

४. फंक्शनल युनिट काय प्रकार आहे? किलोमागे मोजलं तर नाही चालत?

एकच माल असेल तर किलो चालतो. तुलना करायची झाली की मात्र वस्तूची नाही, वस्तू जे काम करते त्याची करायची. टपरीवरचंच घ्या, काचेचा ग्लास आणि कागदी कप यांची वजनाने तुलना केली तर काच तिथेच हरली, पण युनिट जर "एक हजार कटिंग पाजणे" असं धरलं तर कप एक हजार लागतात आणि ग्लास तेच दहा-पंधरा, फुटले धरून. आणि मग ग्लास कसा धुतात यावर सगळं येतं, टपरीवाला बादलीत गार पाण्यात विसळतो तिथे वीज शून्य, ऑफिसच्या पँट्रीत गरम पाण्याचा डिशवॉशर असेल तर गणित बरंच सरकतं. (बादलीतलं पाणी किती वेळाने बदलतात हा प्रश्न या हिशोबात येत नाही, तो तुमच्या पोटाचा.) पेंटवाल्यांनो, तुमचं युनिट लिटर नाही, "एक चौरस मीटर भिंत दहा वर्षं चांगली राहणे" हे आहे, स्वस्त रंग तीनदा मारावा लागला तर तिन्ही वेळचं धरायचं.

५. सुरुवातीला कुठले कागद गोळा करू?

बारा महिन्यांची वीजबिलं, डिझेल आणि गॅसची बिलं, प्लास्टिकचा दाणा किंवा पत्रा किंवा केमिकल जे घेता त्याची खरेदी, विकलेला माल वजनात, भंगाराची चलानं, पाण्याच्या टँकरचा हिशोब, आणि घातक कचरा तळोज्याच्या सामायिक फॅसिलिटीला जात असेल तर त्याचे मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारे कागद. सांडपाणी सीईटीपीला, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक सांडपाणी प्लांटला, जात असेल तर किती क्यूबिक मीटर आणि सीओडी (पाण्यातली घाण मोजायचं माप) किती ते पण, कारण त्या प्लांटच्या विजेतला तुमचा वाटा त्यावरून काढायचा.

बारा महिनेच का, तर मुंबईचा पाऊस. नायलॉन आणि पेट ही प्लास्टिकं हवेतलं पाणी पितात, जुलैमध्ये दाणा सुकवणारा हॉपर ड्रायर जास्त वेळ चालवावा लागतो नाहीतर मालावर चांदीसारख्या रेघा येतात, आणि फक्त जानेवारीचं बिल धरलं तर ती वीज कुठेच दिसत नाही. एका ठिकाणी मला फक्त दिवाळीच्या आसपासचे तीन महिने दिले होते, शेठ म्हणाले "हे आमचे चांगले महिने आहेत". तेच तर नकोय मला.

अजून एक, मीटर नक्की कशाकशाचा आहे ते स्वतः चालत जाऊन बघा. वसईला एका गाळ्यात किलोमागचं विजेचं युनिट काही केल्या पटेना, दोन दिवस एक्सेलमध्ये डोकं घातलं, शेवटी वायर धरून धरून गेलो तर बाजूच्या गाळ्यातलं वेल्डिंग मशीन याच मीटरवर, जुनी ओळख म्हणून दिलेलं. वरचा ऑफिसचा एसी पण. सॉफ्टवेअरला हे कधीच कळलं नसतं.

६. एखादा साधा हिशोब करून दाखवा ना.

समजा पीपी प्लास्टिकचे डबे. महिन्याला चांगला माल ५,००० किलो, दाणा लागला ५,१०० किलो, वीज ८,००० युनिट, जनरेटरला डिझेल १०० लिटर. ग्रिडची वीज साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड प्रति युनिट धरली (नेमकं काय धरायचं ते प्रश्न ९ मध्ये), तर ५,६०० किलो. डिझेल जाळलं की लिटरला साधारण २.६८ किलो, म्हणजे २६८. बेरीज ५,८६८, भागिले ५,०००, म्हणजे मोल्डिंगचे किलोमागे १.१७ किलो. व्हर्जिन पीपी दाणा स्वतःबरोबर किलोमागे दीड ते दोन किलो घेऊन येतो, आणि तुम्ही १.०२ किलो दाणा वापरताय. सगळं मिळून एक किलो डब्यांमागे पावणेतीन ते सव्वातीन किलो.

यात दोन गोष्टी बघा. भागाकार चांगल्या मालाने केलाय, मशीनमधून पडलेल्या सगळ्या मालाने नाही, रिजेक्ट आणि रनर (साच्याच्या वाटेत गोठलेलं प्लास्टिक) दळून परत टाकलात तरी त्यांची वीज दोनदा गेली आणि ती चांगल्या मालानेच भरायची. दुसरं, ट्रक. सगळ्यांना पहिल्यांदा ट्रकच आठवतो, दाणा नागोठण्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटर आला तर टन-किलोमीटरला साधारण १०० ग्रॅम धरून डब्याच्या किलोमागे जेमतेम १०-१५ ग्रॅम येतात. त्यापेक्षा रिजेक्ट एक टक्का कमी करा. विमानाने पाठवत असाल तर मात्र गोष्ट वेगळी, विमान जहाजाच्या कित्येक दहापट जातं.

७. मशीन नुसतंच चालू असतं, माल निघत नाही, ती वीज पण मालावरच टाकायची का?

हो, दुसरी जाणार कुठे. आणि ती थोडीथोडकी नसते. एमआयटीच्या गुटोव्स्की यांनी मांडलेला टोयोटाच्या मशिनिंग लाइनचा आकडा प्रसिद्ध आहे, प्रत्यक्ष धातू कापायला जास्तीत जास्त १४.८ टक्के वीज, बाकीची कूलंट पंप, हायड्रॉलिक, पंखे असल्या चालूच राहणाऱ्या गोष्टींना. तिथे ही कथा तर आपल्या जुन्या मशीनचं बोलायलाच नको. म्हणून अर्धी रिकामी शिफ्ट चालवली की किलोमागचा आकडा चढतो, मशीन तेच असलं तरी.

कंप्रेसर पण बघा. देखभाल नसलेल्या लाइनमध्ये २०-३० टक्के हवा नुसती गळतीत जाते. रविवारी गाळा बंद असताना आत जाऊन उभे राहा, फुस्स ऐकू येतं तो तुमच्या वस्तूचाच कार्बन आहे.

८. चिलरचा गॅस भरला, ते पण मोजायचं? थोडासाच असतो.

हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. आर-२२ गॅस शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,७६० पट तापवतो. वर्षात १० किलो टॉप-अप केला याचा अर्थ १० किलो आधी कुठेतरी उडून गेला, म्हणजे १७.६ टन, म्हणजे साधारण २५,००० युनिट वीज वापरल्यासारखं. वरून हा गॅस ओझोन पण खातो. एसीवाल्याचं बिल फेकू नका, त्यावर किलो लिहून घ्या, नुसतं "गॅस चार्जिंग" असं लिहिलेलं बिल माझ्या काही कामाचं नाही.

९. विजेचा आकडा कुठला धरू? मुंबईत तर टाटांचं हायड्रो आहे.

आहे ना, खोपोली, भिवपुरी, भिरा मिळून ४४७ मेगावॉट, पण ट्रॉम्बे आणि डहाणूला औष्णिक पण आहे, आणि २०१३ च्या ३१ डिसेंबरपासून सगळा देश एकाच ग्रिडवर आहे, त्यामुळे तुमच्या गाळ्यात आलेला इलेक्ट्रॉन खोपोलीचा की चंद्रपूरचा ते कोणी सांगू शकत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा आकडा काढतं, अलीकडे तो ०.७ किलोच्या किंचित वर राहिलाय. तो वापरा आणि वर्ष लिहा.

पण इथे एक खड्डा आहे ज्यात कन्सल्टंटसुद्धा पडतात. तो आकडा पॉवर स्टेशनच्या दारातला आहे. त्यात कोळसा खणायचा, रेल्वेने आणायचा खर्च नाही, आणि तारांमधून तुमच्या मीटरपर्यंत येताना जी वीज गळते ती पण नाही. कंपनीच्या कार्बन रिपोर्टला तो सरळ चालतो, एलसीएला हे वरचं मिळवावं लागतं. म्हणून एलसीएच्या तयार आकड्यांच्या डेटाबेसमधला भारतीय विजेचा आकडा जास्त दिसतो, तो चुकीचा नसतो. प्रश्न ६ मध्ये मी सोपं म्हणून ०.७ धरलंय, खऱ्या रिपोर्टमध्ये तसं धरू नका.

१०. छपरावर सोलर लावलं, आता आमचा माल झिरो कार्बन लिहू?

नको. पॅनेल बनवायला पण ऊर्जा लागलीय, आकडा कोळशापेक्षा फार छोटा असला तरी शून्य नाही. रात्रपाळीला वीज ग्रिडचीच येते. ग्रीन टॅरिफ, म्हणजे हिरव्या विजेचा वेगळा दर, घेत असाल तर कागद नीट ठेवा, तीच हिरवी वीज दोघांनी मोजली असं व्हायला नको. आणि मुख्य म्हणजे काही प्रोसेसचा धूर विजेचा नसतोच. सिमेंटसाठी चुनखडी भाजतात, शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच निघतो, भट्टी कशावरही चालवा. आणि तुमच्या डब्याचा निम्म्याहून जास्त भार दाण्यात बसलाय, तो छपरावरच्या पॅनेलला कुठे दिसतोय.

११. प्लेटिंगच्या एकाच बाथमधून (टाकीतून) दहा जणांचा माल निघतो, कोणाच्या नावावर किती?

याला अ‍ॅलोकेशन म्हणतात आणि भांडणं इथेच होतात. आयएसओ १४०४४ म्हणतो आधी वाटणी टाळायचा प्रयत्न करा, म्हणजे शक्य असेल तिथे वेगळा मीटर लावा किंवा प्रोसेसचे तुकडे करून मोजा. नाहीच जमलं तर खऱ्या भौतिक कारणाने वाटा. ते पण नाही तर मग किमतीने.

आता प्लेटिंग किंवा पावडर कोटिंग घ्या. जॉबवर्कवाला किलोने पैसे घेतो म्हणून सगळे किलोने वाटतात, पण थर बसतो पृष्ठभागावर, वजनावर नाही. जाड बोल्ट आणि पातळ पत्र्याची जाळी एकाच वजनाची असली तर जाळीवर कितीतरी जास्त पावडर जाते, म्हणून चौरस मीटरने वाटा. माहुलच्या रिफायनरीचं याहून अवघड आहे, त्याच क्रूडमधून गॅस, पेट्रोल, डिझेल, नाफ्था आणि शेवटी डांबर, तिथे वजनाने वाटलं तर डांबर महाग पडतं आणि किमतीने वाटलं तर एकदम साधू होतं. कुठलीही पद्धत घ्या, रिपोर्टमध्ये लिहा आणि दुसरी घेतली असती तर किती फरक पडला असता ते पण दाखवा.

१२. रीप्रोसेस दाणा वापरतो, तो तर शून्यच धरायचा ना?

भंगार शून्य, दाणा नाही. सगळ्यात प्रचलित पद्धतीत जुनी बादली भंगारात गेली तिथे तिचं पहिलं आयुष्य संपलं, तो भार पहिल्या मालकाचा. पण तिथून पुढे गोळा करणं, निवडणं, दळणं, धुणं, दाणा पाडणं हे सगळं तुमचं. धारावीत चुरा छपरावर उन्हात वाळतो, तिथे ड्रायरची वीज वाचते हे खरंच, पण धुतलेलं पाणी आणि त्यातले बारीक कण गटारात जात असतील तर ते पण लिहायला लागतं, आणि ते मोजलेलं नसतं कोणी. दाणा पाडणाऱ्या भैय्याला विचारून महिन्याचं बिल आणि महिन्याचा दाणा एवढं जरी मिळालं तरी परदेशी डेटाबेसपेक्षा बरं.

अ‍ॅल्युमिनियमवाल्यांसाठी हा मुद्दा जास्त मोठा आहे, नवीन धातू स्मेल्टरमध्ये (धातू काढायच्या भट्टीत) काढायला किलोमागे साधारण १४ युनिट नुसती वीज लागते, आणि भंगार वितळवून केला तर एकूण ऊर्जा ५ टक्क्यांच्या आसपास. फक्त एक गोष्ट करू नका, भंगार घेताना पण फायदा आणि पुढे माझा माल रिसायकल होतो म्हणून परत फायदा, असं दोन्हीकडून घ्यायचं नाही.

१३. फक्त कार्बन मोजला तर चालेल का, बाकीचं कशाला?

कस्टमरने फक्त कार्बन मागितला असेल तर आयएसओ १४०६७ नुसार तेवढंच करा, पण त्याला कार्बन फूटप्रिंटच म्हणा, एलसीए म्हणू नका. पूर्ण एलसीएमध्ये आम्लता, पाण्यात शेवाळ वाढवणारी खतं, बारीक धूळ, विषारीपणा, पाण्याची टंचाई, जमीन असं बरंच येतं. क्रोम प्लेटिंगचं कार्बनमध्ये फारसं काही दिसणार नाही, त्याचं पाप विषारीपणाच्या रकान्यात आहे. एका रकान्यात कमी करून दुसऱ्यात ढकललं तर कार्बनवाल्याला ते कळतच नाही.

१४. कापडी पिशवी ७,१०० वेळा वापरली तरच प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा फायदा, असा फॉरवर्ड येतो. खरंय?

आकडा खरा आहे, फॉरवर्ड अर्धवट आहे. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याचा २०१८ चा अभ्यास आहे. ७,१०० हा आकडा सगळे परिणाम एकत्र बघितले तर, आणि तो मुख्यतः ओझोनच्या एका रकान्यामुळे फुगलाय. फक्त हवामानबदल बघितला तर तीच सुती पिशवी ५२ वेळा. ब्रिटनच्या २०११ च्या अभ्यासात पातळ पिशवीशी तुलना करून १३१ आला. प्लास्टिकची पिशवी वेगळी, देश वेगळा, आकडा वेगळा, आणि तिन्ही आकडे आपल्या जागी बरोबर.

आता मुंबईचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि नाले तुंबायला पिशव्यांनी हातभार लावला, महाराष्ट्राच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीपर्यंत ती आठवण निघत होती. नाला तुंबणे या परिणामाला नेहमीच्या एलसीए पद्धतींत रकानाच नाही. म्हणजे त्या दोन्ही अभ्यासांनी मिठी नदीचा प्रश्न विचारलेलाच नाही, मग त्यांचं उत्तर इथे लावून "बघा प्लास्टिकच चांगलं" म्हणणं हा चावटपणा आहे. आणि घरातल्या जुन्या पँटची शिवलेली पिशवी असेल तर प्रश्न १२ चा नियम लावा, कापसाचा भार पँटनेच फेडलाय, राहिला फक्त शिलाईचा दोरा.

१५. युरोपला नटबोल्ट पाठवतो, सीबॅमसाठी एलसीए करावा लागेल का?

नाही, सीबॅम म्हणजे युरोपात येणाऱ्या मालावर त्यातल्या कार्बनप्रमाणे लागणारा आकार, ते वेगळं आहे आणि दोन्ही एकत्र केलं तर गोंधळ होतो. सीबॅमचं रिपोर्टिंग १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालं, खरा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून. लोखंड-स्टील, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज यात येतात, आणि स्क्रू-बोल्टसुद्धा. त्यात तुमच्या भट्टीचा धूर आणि तुम्ही घेतलेल्या वायर रॉडमध्ये आधीच बसलेला कार्बन येतो, पण जहाजाचं भाडं, गिऱ्हाईकाचा वापर, शेवटचं भंगार, पाणी, विषारीपणा काहीच येत नाही. तुमच्यासाठी खरं काम एकच, रॉड देणाऱ्या मिलकडून आकडा मिळवणे, आणि तो मिळवताना चपला झिजतात.

मोठी लिस्टेड कंपनी फॉर्म भरायला सांगत असेल तर ते सेबीच्या बीआरएसआरमुळे, म्हणजे कंपन्यांच्या पर्यावरण-समाज-कारभाराच्या रिपोर्टमुळे, टॉप १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून ते सक्तीचं झालं आणि तिथून प्रश्न खाली व्हेंडरकडे घरंगळत येतात. तिथे पण पूर्ण एलसीए लागत नाही, प्रश्न ५ मधले कागद असले तर दोन दिवसांचं काम.

१६. पाकिटावर "प्रतिस्पर्ध्यापेक्षा ४० टक्के कमी प्रदूषण" छापू का?

स्वतःच्या एक्सेलवर बसून नाही. जाहीर तुलना करायची तर आयएसओ १४०४४ नुसार किमान तीन जणांच्या पॅनेलकडून तपासणी लागते, आणि सगळे परिणाम वजन देऊन एकाच मार्कात मिसळायचे नाहीत. कार्बनला किती मार्क आणि पाण्याला किती हे शास्त्र ठरवत नाही, माणूस ठरवतो, म्हणून. बिल्डर ग्रीन बिल्डिंगसाठी कागद मागत असेल तर त्याला ईपीडी (मालाच्या पर्यावरणाच्या आकड्यांचं जाहीर पत्रक) हवा असतो, तो आयएसओ १४०२५ खालचा, त्रयस्थाने तपासलेला, त्यात तुलना नसते, फक्त तुमचे आकडे.

१७. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?

शिकायला ओपनएलसीए, फुकट आहे. सिमाप्रो वगैरे पैशाचे. खरा पैसा डेटाबेसला जातो, इकोइन्व्हेंट वगैरे. वर्षाला एकच प्रॉडक्ट असेल तर विकत घेऊ नका.

१८. दोन कन्सल्टंटनी एकाच मालाचे दोन आकडे दिले, कोण खोटं बोलतोय?

बहुतेक कोणीच नाही. एकाने क्रेडल टू गेट धरलं, दुसऱ्याने गेट टू गेट. एकाने पॉवर स्टेशनच्या दारातली वीज धरली. एकाने मिथेनचा कार्बन डायऑक्साइडमध्ये हिशोब करताना २८ ने गुणलं, दुसऱ्याने आयपीसीसी या हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या नवीन अहवालातल्या खनिज मिथेनच्या २९.८ ने. एकाने ब्रिकेटच्या (भुशाच्या दाबलेल्या विटांच्या) बॉयलरचा धूर झाडाचाच म्हणून शून्य केला, ते चालतं, पण ब्रिकेट आणायचं डिझेल आणि धुरातला मिथेन सोडून चालत नाही. दोघांना एका खोलीत बसवा आणि पहिलं पान उघडायला सांगा. मी असं एकदा बसलोय, तीन तास झाले, फरक शेवटी यात निघाला की समोरच्याकडे जूनचं बिलच नव्हतं आणि त्याने अकरा महिन्यांना बाराने भागलं होतं.

१९. एकदा केलेला रिपोर्ट किती वर्षं चालतो?

ईपीडी साधारण पाच वर्षं. साध्या एलसीएला एक्स्पायरी डेट नसते, पण प्रोसेस बदलली की तो जुना झाला, हायड्रॉलिक मशीन काढून ऑल-इलेक्ट्रिक बसवलं, दाण्याचा सप्लायर बदलला, रात्रपाळी बंद केली, यातलं काहीही. नवीन मशीन चालू करायच्या दिवशी सकाळी मीटरचा फोटो काढून ठेवा, तारखेसकट, नंतर तो आकडा कोणालाच आठवत नाही.